फुकट वकील काय फक्त बायकांना नाही मिळत
माझा मावसभाऊ कळव्याला राहतो, शिफ्टवर रिक्षा चालवतो. बायको मुलीला घेऊन माहेरी गेली त्याला दीड वर्ष झालं. चूक कोणाची त्यात मी पडत नाही, दोघांचंही काही ना काही आहेच. तर पोटगीच्या केसचा कागद आला आणि ह्या पठ्ठ्याने तो घडी घालून पीयूसीच्या मागे, रिक्षाच्या पेपरच्या पिशवीत ठेवून दिला! का तर एका वकिलाने पंचवीस हजार सांगितले आणि स्टँडवर कोणीतरी म्हणालं की फुकटचा वकील बायकांनाच असतो.

अर्धवट माहिती ती हीच. १९८७ चा विधी सेवा कायदा आहे, त्यात बाईचं उत्पन्न बघत नाहीत हे खरं, पण पुरुषालाही मिळतो, आपल्या महाराष्ट्रात वर्षाचं उत्पन्न ३ लाखाच्या आत पाहिजे बस. एससी-एसटी किंवा अपंग असेल तर ती पण अट नाही. मग सेतूमधून उत्पन्नाचा दाखला काढला (त्यातच दोन खेपा, एकदा सर्व्हर डाऊन), आणि ठाण्यात कोर्ट नाक्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज दिला. जायला जमत नसेल तर १५१०० वर फोन करून विचारता येतं. त्यांच्या पॅनलवरच्या, म्हणजे यादीतल्या एक वकील मॅडम मिळाल्या, कोर्ट फी, टायपिंग, नकला, कशालाच पैसे नाही.

मॅडमने पहिलंच विचारलं, "किती तारखा चुकवल्या?" दोन. नशीब, आदेश झाला नव्हता. मुद्दाम गैरहजर राहिलं तर एकतर्फी होतो आणि मग तो रद्द करायला ३ महिन्यांत धावपळ करा.

आमच्या ह्या भावाचं एकच पालुपद, पोरीला भेटू देत नाही तर पैसे कशाला देऊ. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "दादा, पोटगी वेगळी आणि भेट वेगळी. थकवलीत तर वॉरंट निघतं, आत जायची वेळ येते, आणि भेटीसाठी आपण आपला वेगळा अर्ज टाकू ना." दीड वर्षात हे त्याला कोणीच सांगितलं नव्हतं, मी पण नाही, मला तरी कुठे माहीत होतं.

मग उत्पन्नाचं अ‍ॅफिडेव्हिट, २०२० च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून दोघांनाही द्यावं लागतं. बाकड्यावर बसून मॅडमने त्याच्याकडून सगळं लिहून घेतलं, मालकाला रोजचे किती, सीएनजी किती, बंद पडली तर किती बुडतात, आईच्या गोळ्या. तो बिचारा आधी धंदा फुगवूनच सांगत होता, बाईमाणसासमोर कमी कसं सांगायचं म्हणून. मी कोपराने ढोसलं.

महिन्याची रक्कम ठरली, जड आहे पण झेपेल अशी. पोरीची पहिली भेट काउन्सेलर मॅडमच्या खोलीत झाली, पाऊणएक तास. ती आधी आईच्या ओढणीत तोंड घालून बसली, मग म्हणाली, "बाबा, तुझ्या रिक्षाला ते गोंडे आहेत का अजून?"

गोंडे मालकाने कधीच काढून टाकलेत. आता पुढच्या भेटीआधी हा बाजारात गोंडे शोधतोय.