कोर्नासच्या तीन बाटल्या आणि सोलापूरचा उन्हाळा

फ्रान्समध्ये लियॉनला शिकणाऱ्या भाच्याने २०१८ साली माझ्यासाठी कोर्नास वाइनच्या तीन बाटल्या आणल्या. तिन्ही २०१५ च्या हंगामातल्या आणि एकाच तरुण उत्पादकाच्या होत्या. त्याचे नाव तिथल्या जाणकारांत नुकतेच घेतले जाऊ लागले होते. कोर्नास हे ऱ्होन नदीच्या उजव्या तीरावरचे गाव असून त्याच्या नावाने विकली जाणारी लाल वाइन केवळ सिरा या एकाच द्राक्षाची असावी लागते. नाशिकच्या बाटल्यांवर आपण शिराझ वाचतो ते हेच द्राक्ष, पण ग्रॅनाइटच्या उभ्या उतारावर वाढले की त्याला वेगळाच करारीपणा येतो.

पहिली बाटली लगेच उघडली. रंग पिकलेल्या जांभळाचा, वास काळ्या मिरीचा आणि किंचित धुराचा. मात्र दुसऱ्याच घोटाला जीभ अशी कोरडी पडली, जणू डाळिंबाची साल चघळली होती. सोबत शेंगाचटणी ठेवण्याचा आगाऊपणा मी केला होता. तिखटाने तो तुरटपणा दुप्पट झाला.

दुसरी बाटली मी लाकडी कपाटात आडवी ठेवली आणि तिथेच चुकलो. मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशीपार जातो, भिंती रात्रीही निवत नाहीत, आणि वाइनला हवे असते बारा-तेरा अंशांच्या आसपासचे स्थिर तापमान. तीन उन्हाळ्यांनंतर पाहिले तर बूच वर सरकले होते, कडेने ओघळ सुकला होता आणि आत शिजवलेल्या खजुराचा वास तेवढा उरला होता. मुरण्यात तुरट द्रव्यांचे रेणू सावकाश एकमेकांना जोडले जातात, त्यांतले काही गाळ होऊन तळाशी बसतात. उष्णतेने हे काम लवकर उरकते खरे, पण सुगंधही त्याबरोबर करपतो.

तिसरी बाटली सुदैवाने पहिल्यापासून एका मित्राच्या वाइनच्या फ्रीजमध्ये होती. गेल्या डिसेंबरात ती दिवसभर उभी ठेवून, गाळ बसू देऊन, हलक्या हाताने काचेच्या सुरईत ओतली. मिरी होतीच, शिवाय ओल्या मातीचा आणि चामड्याचा वास आला होता. नवी सोलापुरी चादर अंगाला टोचते आणि पाच-सहा धुण्यांनंतर तीच अंगासरशी बसते, तसा तो तुरटपणा आता जिभेवर बसत होता. बेताच्या मसाल्याच्या मटणाबरोबर ती उत्तम लागली. आणखी चार वर्षे ती सहज थांबली असती असे मला वाटते, पण मित्राला फ्रीज विकायचा होता.