आमची वाटचाल : कडब्याच्या आडतीपासून तांबड्या शिरेच्या ज्वारीपर्यंत

आमच्या आण्णांची मंगळवेढ्यात कडब्याची आडत होती. कडबा शेकड्यावर विकला जायचा, म्हणजे शंभर पेंढ्यांचा भाव. पण आण्णा भाव बोलण्याआधी पेंढीतून एक ताट ओढायचे, बुडाकडचं दुसरं पेर दाताखाली धरायचे, चावायचे आणि थुंकून म्हणायचे, "ह्याचं चघळ होणार." चघळ म्हणजे जनावर गव्हाणीत टाकून देतं ते. मालदांडी या आमच्याकडच्या रब्बी ज्वारीच्या कडब्याला त्यांच्याकडे कायम वरचा भाव असायचा, संकरित ज्वारीच्या जाड धाटाला मात्र गिऱ्हाईक अडलेलं असेल तरच. मी कृषी पदविका करून नुकताच आलो होतो. हा दातांचा कारभार मला अडाणीपणा वाटायचा.

पुढे बऱ्याच वर्षांनी हैदराबादच्या कडबा बाजारातल्या अभ्यासाबद्दल वाचलं. पशुधन संशोधनातल्या लोकांनी तिथल्या व्यापाऱ्यांकडचे नमुने घेऊन त्यांची पचनीयता तपासली होती. ४७ टक्के आणि ५२ टक्के पचणाऱ्या कडब्याच्या भावात पंचवीस टक्के आणि त्याहूनही जास्त फरक निघाला, आणि हा भाव प्रयोगशाळेचं तोंड न पाहता बाजारानंच ठरवलेला. आण्णांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "पाचाला पंचवीस? मग आपण स्वस्तात विकलं."

आडत माझ्याकडे आली तोवर धंदा उतरला होता. कडबा काढायला माणूस मिळेना, गावात बैल राहिले नाहीत. २०१८च्या दुष्काळात तर विकायला कडबाच नव्हता. त्या साली मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेला हिरवा चारा, सुरू केला. मका चिकात आली की कापायची, कुट्टी करायची, पन्नास किलोच्या पिशवीत हवा काढून दाबायची. पहिल्याच हंगामात मक्यावर लष्करी अळी आली. पोंग्यातून भुसा काढावा तशी विष्ठा पडलेली असायची. तेव्हाच ठरवलं, एकट्या मक्यावर धंदा ठेवायचा नाही. ज्वारी आपल्या मातीतली, पाणीही कमी मागते. अडचण एकच, तिचं धाट.

धाट का पचत नाही, हे मी दूधवाल्यांना कुडाच्या भिंतीवरून सांगतो. तुराट्यांचा कूड आणि वरून लिंपण. तुराट्या म्हणजे सेल्युलोज. गाईच्या पोटातले जिवाणू वाळवीसारखे, त्यांना तुराट्या खायच्या असतात आणि त्यातूनच गाईला ताकद मिळते. लिंपण म्हणजे लिग्निन. ते वाळवीला आत शिरू देत नाही आणि स्वतःही पचत नाही. ताट जून होतं तसं लिंपण वाढत जातं. आण्णांच्या दाताला लागायचं ते हेच.

हे लिंपण कमी असलेली ज्वारी मला एका निवृत्त ब्रीडर सरांनी दाखवली. त्यांनी पान उलटं केलं. मधली शीर पांढरी असायची, ती चहाच्या डागासारखी तांबडी. ब्राउन मिडरिब (तांबडी मधली शीर) या इंग्रजी नावावरून सगळे तिला बीएमआर म्हणतात. असा मका १९२४ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात शेतात आपोआप दिसला होता. ज्वारीत पर्ड्यू विद्यापीठातल्या लोकांनी बियाण्यावर रसायनाची प्रक्रिया करून असे १९ प्रकार मिळवले आणि १९७८ साली जाहीर केले. "हे बीटी हाय का?" असं दर मेळाव्यात कोणीतरी विचारतंच. नाही. यात बाहेरचं जनुक घातलेलं नाही, लिग्निन बनवण्याच्या कामातला एक कामगार रजेवर गेलाय एवढंच. या प्रकारांना क्रमांक आहेत. आमच्या बीएमआर-१२ मध्ये तो कामगार म्हणजे सीओएमटी नावाचा एन्झाइम. मक्यातल्या बीएम-३ या तांबड्या शिरेच्या प्रकारातही तोच बिघडलेला. बीएमआर-६ मध्ये त्याच्या पुढच्या टप्प्यावरचा, सीएडी. काम पूर्ण थांबत नाही, पण लिंपण पातळ आणि वेगळ्या मालाचं होतं.

सरांकडून मूठभर बी घेतलं, वाढवलं आणि सत्यप्रत बियाणं म्हणून, म्हणजे सरकारी प्रमाणपत्राऐवजी स्वतःच्या लेबलच्या हमीवर, विकायला काढलं. महिन्याभरात दुकानासमोर तिघे जण उभे. एकानं चार पानं काउंटरवर टाकली. "शेठ, तांबेरा पडलाय. पैसे परत द्या." मी शीर दाखवली, तांबेऱ्याचे पुटकुळ्यांसारखे ठिपके कसे असतात ते दाखवलं. दोघांना पटलं. तिसऱ्याला पैसे दिले. आता पिशवीवरच मोठ्या अक्षरात छापतो : शीर तांबडीच असते, रोग नाही.

दुसऱ्या वर्षी उलटी तक्रार आली. "ह्यात पांढऱ्या शिरेची ताटं हायती, बियाणं मिक्स हाय." ते मात्र खरं होतं. हा गुण सुप्त, आई आणि बाप दोन्हीकडून जनुक आलं तरच शीर तांबडी होते. आमच्या प्लॉटच्या बांधाला लागून शेजाऱ्याची साधी ज्वारी फुलोऱ्यात होती आणि वारा तिकडून आमच्याकडे. ज्वारी बहुतेक स्वतःच्याच परागावर दाणा भरते, पण थोडा पराग बाहेरचाही घेते. अंतर न राखणं ही माझीच कंजुषी. उरलेलं बियाणं कडब्याच्या भावानं कुट्टीला गेलं.

एक मात्र झालं, त्या तोट्यातून निवड सोपी असल्याचं कळलं. चार-सहा पानांवर शीर रंग धरते. आता बायका ओळीनं चालतात आणि पांढऱ्या शिरेचं ताट दिसलं की उपटतात. भेसळ शोधायला प्रयोगशाळा लागत नाही, पीक स्वतःच बोट दाखवतं.

ऑक्टोबर २०२० ची अतिवृष्टी सोलापूरकरांना वेगळी सांगायला नको. आमचे चार एकर रात्रीत भुईसपाट झाले. बांधापलीकडची साधी ज्वारी वाकली, पण बरीचशी उभी राहिली. लिंपण काही गाईला त्रास द्यायला नसतं. ताट उभं राहतं ते त्याच्या जोरावर, आणि पाणी शेंड्याला नेणाऱ्या नळ्याही त्यामुळे ताठ राहतात. म्हणून आता बियाणं दाट पेरू नका, युरियाचा मारा करू नका, असं सांगतो. तांबडी शीर एखाद्या वाणात टिकते, दुसऱ्यात लोळते. जनुक तेच असलं तरी बाकीचं रक्त मोजावं लागतं. हिरव्या चाऱ्याचं वजनही पुष्कळदा साध्या वाणापेक्षा कमी भरतं. हे मी आधीच सांगतो आणि गिऱ्हाईक घालवतो. दूध दुप्पट होईल असं छापणारे पॅम्फ्लेट मला दर आठवड्याला व्हॉट्सअॅपवर येतात. दूध गाय, खुराक आणि पाणी मिळून देतात. मी एवढंच म्हणतो, आठ दिवस चारा घाला आणि गव्हाणीतलं चघळ रोज तराजूत टाका.

प्लॉटवरच्या बायका पूर्वी उपटलेली ताटं शेळ्यांना न्यायला मागायच्या. ते बंद केलं. कोवळ्या ज्वारीत विष असतं आणि तांबड्या शिरेनं ते कमी होत नाही. त्याऐवजी कणसं खुडून झाली की धाटांची एकेक पेंढी देतो. परवा त्यातल्या एका मावशींनी पेंढीतलं ताट उपसलं, बुडाचं पेर दातात धरलं आणि चावत चावत दोन पेंढ्या मागितल्या.