तुम्ही विचारलंत म्हणून: रोज किती तास शिकवता?

मंडईत, लग्नकार्यात, सोसायटीच्या जिन्यात कुणी ना कुणी विचारतंच, "घरीच शिकवता ना? मग रोज किती तास बसवता?" परवा एका आईने विचारलं तेव्हा तिचा आवाज कापत होता. तिचा सहा वर्षांचा मुलगा पाटी दिसली की पळतो आणि तिला वाटतं, आपलंच काहीतरी चुकतंय. जिन्यात उभ्याउभ्या धड सांगता आलं नाही.

माझी मुलगी सात वर्षांची. तिला सलग बसवते ती जेमतेम अर्धा तास. धाकटा चारचा, त्याला मुळीच नाही.

पहिल्या वर्षी मात्र मी भिंतीवर वेळापत्रक चिकटवलं होतं. नऊ ते दहा गणित. एके सकाळी तिला म्हटलं, तेवीस लिही. तिने 32 लिहिलं. खोडलं, पुन्हा 32. चौथ्या वेळी मी ओरडले. तिने पेन्सिल इतकी दाबली की टोक मोडलं आणि कागद फाटला. ती रडली, मग मीही. रात्री भांडी घासताना उमगलं की पोरीने बरोबरच ऐकलं होतं. 'तेवीस'मध्ये तीन आधी येतो, वीस मागून. कानावर पडलं तसं तिने लिहिलं. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस तीन' असं वाचायची पद्धत आली, तेव्हा केवढा वाद झाला होता! नाक मुरडणाऱ्यांत मीही होते.

दुसऱ्या दिवशी वही काढलीच नाही. चिंचोके काढले. दहा-दहा चिंचोके एकेका काडेपेटीत, उरलेले सुटे. दोन पेट्या, तीन सुटे. बोलताना सुटे आधी, लिहिताना पेट्या आधी. दहाबारा दिवस हा खेळ चालला. मी काही शिकवत नव्हते, शेजारी बसून मेथी निवडत होते. मग एका दुपारी ती आजीला समजावताना ऐकू आली, "आजी, एकोणतीस म्हणजे तीसला एक कमी. तिसरी पेटी भरायला एकच हवा!"

मूल मागे पडेल ही भीती मला ठाऊक आहे, रात्री जास्तच छळते. म्हणून एक माहिती देते. शिक्षण हक्क कायद्यातल्या कलम 4 नुसार सहा वर्षांवरचं मूल कधीच शाळेत गेलेलं नसलं तरी त्याला वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळण्याचा हक्क आहे. पुढे मुक्त विद्यालयातून दहावीलाही बसता येतं. पाच-सहा वर्षांच्या लेकराशी रोज झटापट करावी असं काही अडलेलं नाही.

आणि मुलांना वेळापत्रकात न बांधता शिकवणं हे नवीन फॅडही नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघांच्या साथीने ते कोसबाडला नेलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच अंगणात गेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली, म्हणजे मुलं गुरांमागे जातील तिथे शाळा. हे वाचल्यावर मी भिंतीवरचं वेळापत्रक काढून टाकलं.

आमचेही वाईट दिवस येतात. धाकटा तापलेला, कुकर लागलेला, मोठीचं कशात लक्ष नाही. अशा दिवशी वही मिटून आम्ही गच्चीवर जातो. तेवढ्याने काहीही वाया जात नाही, हे त्या आईला मला हात धरून सांगायचं आहे. तुमचा मुलगा पाटीला घाबरलाय, शिकण्याला नाही. महिनाभर पाटी माळ्यावर टाका. त्याला वरणाला डाळ मापू द्या, वाण्याकडचे सुटे पैसे मोजू द्या, झोपताना गोष्ट वाचून दाखवा.

सध्या आमची गाडी शंभराजवळ आलीय. एकोणऐंशी झालं, एकोणनव्वद झालं, आणि आता नव्याण्णवला ती ठामपणे म्हणते, "एकोणशंभर!" आजी दुरुस्त करायला निघाल्या होत्या. मी डोळ्यांनीच म्हटलं, राहू द्या थोडे दिवस.