स्क्वाम तलावावरचे लून: ‘जुलैत कधीही या’ हा सल्ला ऐकू नका

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या स्क्वाम तलावावर लूनची (हा डुबकी मारून मासे पकडणारा मोठा पाणपक्षी) पिल्लं बघायला निघालात की जो तो सांगतो, ‘जुलैत कधीही या, पाठीवर बसलेली दिसतील.’ साफ चूक. पिल्लू आईबापाच्या पाठीवर बसतं ते जेमतेम पहिले दोन आठवडे. त्यातही खरा पहिलाच. दुसऱ्यात ते चढतं, घसरतं आणि बराच वेळ पाण्यातच असतं. तिसऱ्या आठवड्यापर्यंत काळी लव जाऊन तपकिरी येते आणि पाठ रिकामी होते. माझ्या यंदाच्या दोन खेपांचा हिशोब सरळ आहे. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात तीन सकाळी, पाठीवरची पिल्लं शून्य. ऑगस्टात पुन्हा तीन सकाळी, मेमरी कार्डं भरली, पण वेगळ्याच फोटोंनी.

म्हणून ‘पिल्लं आहेत का’ असं विचारू नका, ‘जोडी अंड्यांवर कधी बसली’ ते विचारा. अंडी बहुधा दोन, नर-मादी आळीपाळीने साधारण २७-२८ दिवस उबवतात. मेअखेर बसलेल्या जोडीची पिल्लं जूनअखेर बाहेर येतात आणि एक-दोन दिवसांत घरटं सोडतात. लूनचे पाय शरीराच्या पार मागे असतात, त्याला जमिनीवर धड चालता येत नाही, त्यामुळे घरटं अगदी पाण्याच्या काठाला असतं. पाणी चढलं तर अंडी बुडतात, नाहीतर रॅकून नावाचा प्राणी खातो. मग जोडी दुसऱ्यांदा अंडी घालते आणि पिल्लं थेट जुलैच्या उत्तरार्धात येतात. एकाच तलावावर एका खाडीत महिन्याचं पिल्लू आणि शेजारच्या खाडीत तीन दिवसांचं, असं सहज घडतं. मोल्टनबरो गावात लून प्रिझर्वेशन कमिटीचं लून सेंटर आहे. ही मंडळी १९७५ पासून राज्यातल्या लूनची नोंद ठेवतात आणि घरट्यावरचा त्यांचा लाइव्ह कॅमेरा इंटरनेटवर बघता येतो. त्यावरून हंगाम पुढे आहे की मागे, याचा अंदाज येतो. तुमच्या खाडीतल्या जोडीचा मात्र येत नाही.

आता अंतर. इथे सगळ्यात जास्त फसवणूक होते. चौकट भरून टाकणारे फोटो बघून माणसं २०० किंवा ३०० मिमीची लेन्स घेऊन येतात. लूनपासून किमान १५० फूट, म्हणजे ४५ मीटर लांब राहायचं, हा इथला दंडक. फुलफ्रेम (३६ मिमी रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ६०० मिमी लावली तर ४५ मीटरवर चौकटीची रुंदी २.७ मीटर भरते. पक्ष्याची लांबी ७० ते ९० सेंटिमीटर, म्हणजे तो चौकटीच्या एक तृतीयांशाच्याही आत राहतो. क्रॉप, म्हणजे त्याहून लहान सेन्सरवर तीच रुंदी १.८ मीटर होते आणि लून जवळजवळ अर्धी चौकट व्यापतो. ३०० मिमीत तो ठिपकाच. तेव्हा १५०-६०० झूम आणि क्रॉप बॉडी, एवढं पुरेसं आहे. महागड्या प्राइम (झूम नसलेल्या) लेन्सने कायाकमध्ये, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होडीत, फक्त हात दुखतात. लेन्सचं छिद्र एफ/६.३ ठेवलं तरी या अंतरावर फुलफ्रेमवर सुमारे दोन मीटरची खोली स्पष्ट मिळते, त्यामुळे पिल्लू आणि पालक दोघं शार्प यावेत म्हणून छिद्र आणखी बारीक करायची गरज नाही.

जवळ गेलात की नाही, हे फीत लावून कुणी मोजत नाही. पक्षीच सांगतो. घरट्यावर बसलेला लून मान खाली टाकून पाण्यालगत सपाट पडला, तर तो झोपलेला नाही, घाबरलेला आहे. वल्ह्याचा हात थांबवा आणि मागे फिरा. पाण्यात असताना कापऱ्या हसण्यासारखी हाक आली, तर तीही धोक्याचीच. पाण्यावर उभं राहून छाती पुढे काढत थडथड पाय मारणारा लून ‘नाचत’ नसतो, पिल्लांपासून तुम्हाला हाकलत असतो. असा फोटो अभिमानाने दाखवणाऱ्याने काय केलं, ते त्या फोटोतच दिसतं. याउलट कुशीवर लवंडून एक पाय हवेत हलवणारा लून जखमी नाही, तो पिसं साफ करतोय. हे चाललं की बोट बटणावर ठेवा. अंघोळ आटोपली की तो बहुतेकदा छाती वर काढून पंख झटकतो. तेवढ्यासाठी १/२५०० शटर, एरवी भरवण्याच्या फोटोंना १/१६०० चालतं.

कायाक कुठे ठेवायची? वाऱ्याच्या खालच्या बाजूला, म्हणजे वाहत गेलात तर कुटुंबापासून दूर जाल. बहुतेक जण वरच्या बाजूला थांबतात, कॅमेऱ्यात डोळा घालतात आणि पाच मिनिटांत पिल्लांवर जाऊन आदळायच्या बेतात येतात. कुटुंब आणि किनारा यांच्यामध्ये शिरू नका, आणि त्यांना किनाऱ्याकडे दाबूही नका. मोकळं पाणी त्यांच्या बाजूला राहू द्या. पालक डुबकी मारून ३० मीटर पुढे निघतो, लहान पिल्लू मात्र वरच राहतं. ते तुमच्याकडे पोहत आलं तर स्तब्ध बसा. हाकांचं रेकॉर्डिंग वाजवणं आणि ड्रोन, दोन्ही घरी ठेवा.

आणि आता परतीचा पट्टा. पिल्लं वाढतात ती वाऱ्यापासून आडोसा असलेल्या उथळ खाड्यांत. पहाटे पाचला आरशासारखं पाणी कापत तिथे पोचायला काहीच वाटत नाही. परत येताना मधलं उघडं पाणी ओलांडायचं असतं. दहानंतर वारा उठतो, अकरापर्यंत मोटरबोटी सुटतात आणि लाटा दोन दिशांनी येतात. कायाकच्या कडेवरून आलेली एकच लाट मांडीवरच्या कॅमेऱ्याला पुरते. साडेआठला कॅमेरा २० लिटरच्या ड्राय बॅगेत (पाणी न शिरणाऱ्या पिशवीत) घाला, तोंड तीनदा गुंडाळून बंद करा, बॅग पायांच्या मध्ये ठेवा आणि निघा. ‘आणखी दहा मिनिटं’ करू नका, तेवढ्यात खाडीतला फोटो काही बदलत नाही, मधलं पाणी बदलतं. सरळ रेषेत ओलांडण्यापेक्षा किनाऱ्याने वळसा घाला. अर्धा तास जास्त लागतो, पण दंड शाबूत राहतात. बोटीची लाट आली की कायाकचं नाक तिच्याकडे वळवा. तलावात पाण्याखाली खडक भरपूर आहेत, किनाऱ्याला अगदी चिकटूनही जाऊ नका. लाइफ जॅकेट अंगावर घाला, बोटीत नुसतं ठेवू नका. चार जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीत तर हा तलाव टाळाच. उभं राहून वल्हवायच्या पॅडलबोर्डवर कॅमेरा नेणाऱ्याला काय सांगणार?

पैशांचं बोलायचं तर खाजगी ‘फोटो सफारी’ नको. दोन तासांचे पैसे घेतात, त्यातला पाऊण तास पिल्लांजवळ आणि उरलेला श्रीमंतांच्या घरांची यादी ऐकण्यात जातो. त्या बोटीच्या उंच डेकवरून फोटोही वरून घेतल्यासारखे येतात. भाड्याची १२ फुटी रुंद कायाक घ्या, आदल्या संध्याकाळीच ताब्यात मिळेल का ते विचारा, कारण दुकान नऊला उघडून उपयोग नाही. लहान मुलं किंवा आजी-आजोबा बरोबर असतील तर होल्डरनेस गावातल्या नेचर सेंटरची पाँटून (सपाट, स्थिर) बोट ठीक आहे. दुर्बीण न्या, फोटोची आशा सोडा.

एक्स्पोजर: काळं डोकं आणि पांढरी छाती एकाच चौकटीत. उन्हात एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन −०.७ ठेवा, नाहीतर छातीची पिसं जळतात. धुक्यात उलट, +०.७. लाल डोळा दिसायला सूर्य तुमच्या पाठीशी हवा. ऑटोफोकस पाठीवरच्या पांढऱ्या चौकड्यांवर अडकतो, म्हणून एकच बिंदू निवडा आणि डोळ्यावर ठेवा.

पाठीवरचं पिल्लूच हवं असेल तर खरं सांगू, आपल्याकडे कुठल्याही तळ्यावर टिबुकली हेच दृश्य दाखवते. लूनसाठी एवढं लांब यायचं ते ऑगस्टासाठी. चार ते सात आठवड्यांची, अर्धवट लव आणि अर्धवट करडी पिसं अंगावर असलेली पिल्लं कुणाला आवडत नाहीत, पण भरवण्याचे सगळ्यात चांगले फोटो तेव्हाच मिळतात. मासा मोठा असतो, पिल्लू तो तीनदा पाडतं, पालक तीनदा उचलून देतो. गार पहाटेला कोमट पाण्यावरून धुकं उठतं आणि तलावावर एकही बोट नसते. काय सकाळ असते ती! ऑगस्टअखेरच्या आत जा, पुढे मोठ्यांच्या चोचीभोवती पांढरी पिसं यायला लागतात.

पिल्लं ११-१२ आठवड्यांची झाली की उडतात. मोठे आधी समुद्राकडे निघतात, पिल्लं त्यानंतरही तलावावर राहतात, कधीकधी बर्फ धरेपर्यंत. तेव्हा ती किनाऱ्यावरून बघा. नोव्हेंबरच्या पाण्यात ड्राय सूट (अंग कोरडं ठेवणारा पोशाख) नसेल तर कायाक घालू नका.