डबा उभा राहिला पाहिजे

मागच्या पावसाळ्यात माझ्या सॅकमध्ये मटकीची उसळ सांडली. डबा चांगलाच होता हो, झाकणाला चार क्लिपा, पण सॅकचा तळ निमुळता, त्यात डबा झाला आडवा आणि नाशिकच्या द्वारका चौकातल्या खड्ड्यांनी उरलेलं काम केलं. लॅपटॉप वाचला, त्याला फोमचा स्वतंत्र कप्पा ना, राजाच तो. चार्जर, छत्री, ऑफिसची डायरी सगळ्यांना मात्र तर्री. तेव्हाच ठरवलं की पुढची सॅक डब्याकडे बघून घ्यायची.

दुकानात गेलं की पहिला प्रश्न, ताई लॅपटॉप किती इंची? १५.६. आणि हा आकडा स्क्रीनचा, तोही कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका मोजलेला, म्हणजे अख्खा लॅपटॉप त्या कप्प्यात बसेल की नाही ते त्यावरून कळतच नाही, घालूनच बघावं लागतं. पण डबा किती मजली आहे, पोळ्यांचा वेगळा असतो का, हे कोणी विचारेल तर शपथ.

म्हणून या वेळी मी मेन रोडला जाताना लॅपटॉपसोबत डबाच नेला, पाणी भरून. दुकानदारदादा आधी हसले, मग त्यांनाच मजा वाटायला लागली. एकेक सॅक काउंटरवर ठेवायची, डबा आत, दोनदा हलवायची, उघडून बघायचं. चारपैकी तीन सॅकमध्ये डबा झोपला. एकीला तर अकरा कप्पे होते, पेनाला वेगळा, चष्म्याला वेगळा, आणि मला माहितीये, स्कूटीची चावी त्या अकरांपैकी बाराव्यात सापडणार.

मग ते कापडावर आले. ‘१६८० डेनिअर आहे ताई, फाटणार नाही.’ आता डेनिअर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, आकडा मोठा तसा धागा जाड, हे खरं, पण धागा जाड म्हणजे सॅकपण जड, हे ते सांगत नाहीत. माझ्यासाठी चालेल, लेकीसाठी नको. ती आठवीत आहे. शाळेच्या दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या वर नको असा नियम आहे, ती ४२ किलोची, म्हणजे झाले ४ किलो २०० ग्रॅम. त्यातली लिटरभर पाण्याची बाटलीच एक किलो, मग रिकाम्या सॅकनेच आणखी एक किलो खाल्ला तर वह्यापुस्तकांनी जायचं कुठे? एकदा वजनकाट्यावर ती दप्तरासकट आणि दप्तराशिवाय उभी राहिली तर फरक साडेसहा किलो निघाला. तिचं म्हणणं, मम्मी तो तुझा काटाच खराब आहे.

तिला हलकी, रुंद पट्ट्यांची घेतली. रंग तिने निवडला, त्यात मी पडले नाही.

माझी मात्र ३० लिटरची, तळ चांगला वीतभर रुंद. त्यामागे उसळीशिवाय अजून एक कारण, बुधवारी येताना गंगेवरच्या, म्हणजे आमच्या गोदावरीकाठच्या बाजारातून मेथी-कोथिंबीर आणायची असते आणि पिशवी मी दर बुधवारी घरी विसरते. शिवाय पाठीला टेकतो त्या बाजूला एक चोरकप्पा आहे, तो मला सगळ्यात आवडला. सिटीलिंक बसच्या गर्दीत सॅक पुढे, पोटावर घेतो ना आपण, तेव्हा बाहेरचे सगळे सोयीचे कप्पे समोरच्या अनोळखी माणसाकडे तोंड करून असतात, आणि हा एकच आपल्याकडे. पाकीट तिथे. रेनकव्हर मात्र वेगळं घ्यावं लागलं, कापड कितीही वॉटरप्रूफ म्हटलं तरी पाणी चेनमधून आत जातंच.

दादांनी साडेबाराशे सांगितले, अकराशेला दिली. जाताना म्हणाले, ‘ताई, तुमचा डबा ठेवून जा, गिऱ्हाइकांना दाखवायला कामी येईल.’

जुनी सॅक तीनदा धुतली, उन्हात वाळवली, टाकवत नव्हती म्हणून गॅलरीत टांगून तिच्यात कांदे ठेवलेत. चेन उघडली की कांद्याच्या आधी काळ्या मसाल्याचा वास येतो, अजून.