तराईतील पाणी, आर्सेनिक आणि लोखंडी खिळे

पदवीच्या उन्हाळी सुट्टीत मी नेपाळच्या तराईतील परासी परिसरात स्वयंसेवक म्हणून गेले होते. घरोघरच्या हातपंपांच्या पाण्यातील आर्सेनिक मोजणे आणि जिथे ते काढण्यासाठी गाळणयंत्र बसवले आहे तिथे ते खरोखर निघते आहे का हे पाहणे, असे आमच्या गटाचे काम होते. यातील दुसरा भाग मला पहिल्यापेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण यंत्र बसवल्याची नोंद सहज होते, पण त्यातून बाहेर पडणारे पाणी नेमाने तपासणारे कोणी असेलच असे नाही.

तराईची जमीन हिमालयातून वाहून आलेल्या गाळाची आहे. या गाळातील लोहाच्या संयुगांना आर्सेनिक चिकटलेले असते आणि जमिनीखालच्या ऑक्सिजनविरहित थरांत सेंद्रिय पदार्थ कुजू लागले की ही संयुगे विरघळून आर्सेनिक पाण्यात उतरते. अशा पाण्याला वेगळा रंग, वास किंवा चव नसते. ते वर्षानुवर्षे पिण्यात आले तर त्वचेवर डाग पडतात, तळहात-तळपाय जाड व खरबरीत होतात आणि कर्करोगाचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचवली आहे, तर नेपाळचे मानक 50 मायक्रोग्रॅमचे आहे. एका घरातील दीदींनी आम्हाला सांगितले की त्या पाणी उकळूनच मुलांना देतात. उकळल्याने जंतू मरतात, पण आर्सेनिक तसेच राहते, किंबहुना पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण थोडे वाढते, हे त्यांना समजावून सांगणे मला सर्वांत जड गेले, कारण त्या त्यांच्या परीने पूर्ण काळजी घेत होत्या.

चाचणीची पद्धत जुनी आणि सुंदर आहे. पाण्यात आम्ल आणि जस्ताची पूड घातली की आर्सेनिकचे आर्सिन वायूत रूपांतर होते आणि बाटलीच्या तोंडाशी लावलेली मर्क्युरिक ब्रोमाइडची पांढरी पट्टी त्या वायूमुळे पिवळी ते तपकिरी होते. हा वायू विषारी असल्यामुळे चाचणी नेहमी मोकळ्या हवेत करायची असते.

तिथे वापरात असलेले कांचन गाळणयंत्र अमेरिकेतील एमआयटी आणि नेपाळमधील एन्फो या संस्थांच्या सहकार्यातून विकसित झाले. वरच्या भांड्यात लोखंडी खिळे, त्यांवर विटांचे तुकडे आणि खाली वाळू व खडीचे थर, अशी त्याची रचना असते. खिळ्यांच्या गंजावर आर्सेनिक चिकटते, गंजाचे सुटलेले कण वाळूत अडकतात आणि वाळूच्या वरच्या थरात हळूहळू तयार होणारी सूक्ष्मजीवांची साय जंतूंना रोखते.

तत्त्व पक्के असले तरी प्रत्येक विहिरीचे पाणी वेगळे असते. भूजलात मुळातच भरपूर लोह असेल तर हवा लागताच ते साक्याच्या रूपाने बाहेर पडते आणि आर्सेनिकलाही सोबत ओढून नेते. अशा घरांत गाळलेल्या पाण्याची पट्टी जवळजवळ पांढरी राहिली. लोह कमी आणि फॉस्फेट जास्त असेल तर गंजावरची जागा फॉस्फेटच व्यापतो. त्यातच पाणी खिळ्यांवरून भरभर निघून जाते आणि मधल्या काळात खिळे वाळतात. अशा एका घरात गाळण्यापूर्वीची आणि नंतरची पट्टी सारख्याच तपकिरी रंगाची निघाली, आणि त्या कुटुंबाला हे पाणी सुरक्षित वाटत होते याने मी फार अस्वस्थ झाले.

म्हणून आम्ही बादल्या वापरून एक वेगळी मांडणी करून पाहिली. खिळे वाळूच्या दोन थरांमध्ये ठेवले, बाहेर पडणारी नळी उंच घेतली, जेणेकरून खिळे कायम पाण्याखाली राहतील, आणि प्रवाह मंद केला. ओल्या खिळ्यांतून लोह सतत थोडे थोडे सुटत राहते, ऑक्सिजनशी संयोग पावून त्याचा ताजा गंज बनतो आणि आर्सेनिकला चिकटायला नवी जागा मिळत राहते. त्याच हातपंपाच्या पाण्याची पट्टी या मांडणीनंतर स्पष्टपणे फिकट आली. मात्र, हा परिणाम किती काळ टिकतो हे महिनोन्महिने मोजल्याशिवाय कळणार नाही. त्यासाठी चाचणीचे साहित्य आम्ही तिथल्या विज्ञान शिक्षकांकडे सोपवले असून, पावसाळ्यानंतरच्या मोजणीत प्रत्येक घराचे गाळण्यापूर्वीचे आणि गाळल्यानंतरचे, असे दोन्ही आकडे नोंदवले जाणार आहेत.