वॉर्ड ११६, आणि नगरसेवक नसलेला एक पावसाळा

आमच्या आईचं मतदान भांडुपच्या वॉर्ड क्रमांक ११६ मध्ये. फेब्रुवारी २०१७ ला मुंबई महापालिकेची निवडणूक झाली, तिथून काँग्रेसच्या प्रमिला पाटील निवडून आल्या आणि काही महिन्यांतच त्यांचं निधन झालं. जागा रिकामी. आता बातम्यांमध्ये हे एका ओळीत येतं, "वॉर्ड ११६ मध्ये पोटनिवडणूक", पण त्या वॉर्डात राहणाऱ्या माणसाला रिकामी जागा म्हणजे काय ते फक्त पावसाळ्यात कळतं. म्हणजे मला तरी तेव्हाच कळलं.

२९ ऑगस्ट २०१७, मुंबईतल्या कुणालाही विचारा, तारीख आठवत असेल. मी ऑफिसात अडकलो होतो, ट्रेन बंद, आणि आईचा दुपारपासून दर अर्ध्या तासाने फोन, पाणी उंबऱ्याला लागलं, पाणी आत आलं, गॅसचा सिलेंडर ओट्यावर चढवून ठेवला, शेजारच्या काकूंना पलंगावर बसवलंय. आमच्या चाळीच्या टोकाला एक चेंबर आहे, त्यावरची जाळी प्लॅस्टिकने तुंबली की गल्लीतलं पाणी हलतच नाही, हे चाळीतल्या पोरासोरांनासुद्धा माहीत. महापालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, पण त्या दिवशी अख्खी मुंबईच बुडालेली, आपली एक जाळी कोणाच्या लक्षात राहणार. एरवी अशा वेळी लोक काय करतात? सरळ नगरसेवकाला फोन. त्याची पोरं येतात, बांबू घेऊन जाळी मोकळी करतात, पंप कुठे आहे ते त्यांना ठाऊक असतं, मुकादमाचा नंबर त्यांच्या मोबाईलमध्ये असतो. त्या दिवशी आई मला म्हणाली, "अरे, फोन लावू कुणाला?" शेवटी चाळीतल्याच दोघांनी कमरेएवढ्या पाण्यात उतरून जाळी उपसली. त्यांना काही झालं असतं तर, हा विचार आजही मनात येतो.

मुंबईत एका वॉर्डाला एकच नगरसेवक असतो. तो गेला की तुमच्या बाजूने सभागृहात कोणीच नाही. पुण्यात आणि बाकीच्या बहुतेक महापालिकांत तसं नाही, तिथे चार सदस्यांचा प्रभाग, अ ब क ड अशा चार जागा, एक रिकामी झाली तरी तिघं असतात. योगायोग म्हणजे ज्या दिवशी भांडुपला पोटनिवडणूक होती त्याच दिवशी, ११ ऑक्टोबर २०१७ ला, पुण्यात कोरेगाव पार्कच्या प्रभागातही होती, तिथे उपमहापौर नवनाथ कांबळे यांचं निधन झालं होतं आणि त्यांची मुलगी हिमाली कांबळे निवडून आली. अशा प्रभागात गंमत बघा, एका जागेसाठी मतदान असतं पण मत अख्ख्या प्रभागातल्या लोकांनी द्यायचं असतं, मोठ्या निवडणुकीत चार बटणं दाबलेली माणसं तेव्हा एकच बटण दाबून बाहेर येतात.

भांडुपच्या निवडणुकीत मात्र सगळी मुंबई येऊन उभी राहिली होती. कारण आकडे. फेब्रुवारीच्या निकालात २२७ पैकी शिवसेना ८४, भाजप ८२, बहुमताला ११४ लागतात, म्हणजे कोणाकडेच नाही. अशात एक जागा म्हणजे किती मोठी गोष्ट! मोठमोठे नेते आमच्या गल्लीच्या तोंडाशी सभा घेऊन गेले. जागृती पाटील, म्हणजे प्रमिलाताईंच्या सूनबाई, भाजपकडून उभ्या होत्या, आणि शिवसेनेकडून मीनाक्षी पाटील, आमदार अशोक पाटलांच्या पत्नी. निकाल १२ तारखेला लागला, जागृती पाटील साडेचार हजारांपेक्षा जास्त मतांनी जिंकल्या, भाजप ८३ वर गेला आणि सेनेशी फरक राहिला फक्त एकाचा. दुसऱ्याच दिवशी मनसेच्या सात नगरसेवकांपैकी सहा शिवसेनेत गेले. एका वॉर्डाच्या मतदानाने एवढ्या मोठ्या महापालिकेचं गणित चोवीस तासांत हललं.

मला तेव्हाही एक गोष्ट खटकली होती आणि आजही खटकते. प्रचारात सगळे महापौर कोणाचा यावरच बोलत होते. पाणी कुणाच्या घरात शिरलं होतं, नाला कोण साफ करणार, यावर फार थोडं. अहो, पोटनिवडणूक त्या वॉर्डातल्या लोकांची असते ना, त्यांना काही महिने प्रतिनिधी नव्हता म्हणून ती घ्यावी लागते. आणि घरातल्याच माणसाला तिकीट देण्याबद्दल लोक नावं ठेवतात, मी पण पूर्वी ठेवायचो, पण आईचं म्हणणं ऐकल्यावर जरा विचार केला. ती म्हणाली, त्या घरातल्यांना गल्ली माहितीये, अर्ज कुठे अडकलेत ते माहितीये. पटलं मला, तरी मला वाटतं निवड खुली असावी आणि दोन-चार नवीन माणसांनी उभं राहावं, नाहीतर रिकामी झालेली खुर्ची वारसा हक्काने मिळते असंच लोक धरून चालतील.

दुसरी एक गोष्ट लोकांना माहीत नसते. पोटनिवडणुकीत निवडून आलेल्याला पूर्ण पाच वर्षं मिळत नाहीत, जुन्या सदस्याची जेवढी मुदत उरलीय तेवढीच. म्हणून उशीर जितका, तितका त्याचा काळ कमी. आणि जागा फक्त निधनानेच रिकामी होते असं नाही, राजीनामा आहे, १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर अपात्रता आहे, राखीव जागेवर निवडून आलेल्याने जात वैधता प्रमाणपत्र वेळेत दिलं नाही किंवा ते अवैध ठरलं तर पद जातं. मुंबईत त्याच २०१७ च्या टर्ममध्ये जात प्रमाणपत्र अवैध ठरल्यावर काही वॉर्डांत पोटनिवडणूक न होता थेट दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार नगरसेवक झाला. कायद्यात तरतूद असेल, पण मला ते अजिबात पटत नाही. लोकांनी ज्याला नाकारलं त्यालाच बसवायचं, आणि त्या वॉर्डाला पुन्हा विचारायचंही नाही? खर्च होतो म्हणे. होऊ दे की.

निवडणूक न घेण्याची सवय वरपर्यंत आहे. पुण्याचे खासदार गिरीश बापट २९ मार्च २०२३ ला गेले, डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पोटनिवडणूक घ्या म्हणून सांगितलं, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, आणि २०२४ च्या निवडणुकीपर्यंत पुण्यासारख्या शहराला खासदारच नव्हता. आणि महापालिकांचं तर काय सांगावं. मुंबईची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली, प्रशासक आले, ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या खटल्यांत निवडणुका अडकल्या, आणि मग एक वॉर्ड नाही, २२७ च्या २२७ वॉर्ड रिकामे. जवळजवळ चार वर्षं! चार पावसाळे! वॉर्ड ११६ ला जे २०१७ मध्ये एकदा सोसावं लागलं ते अख्ख्या मुंबईने सोसलं, आणि ज्यांच्या ओळखी आहेत त्यांची कामं होत राहिली, बाकीच्यांनी अर्ज घेऊन खेपा घातल्या. अखेर १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं.

आता या नव्या टर्ममध्येही कधीतरी, कुठेतरी जागा रिकामी होणारच. तुमच्या वॉर्डात झाली तर एवढंच करा, मतदार यादीत नाव आधी तपासा, कारण पोटनिवडणुकीत गाजावाजा कमी असतो आणि यादी कधी लागली ते कळतही नाही. सुट्टीही सगळ्या शहराला नसते. २०१७ ला तो बुधवार होता, दिवाळी आठवड्यावर आलेली, चाळीतले अर्धे लोक सकाळी आठच्या लोकलने कामाला गेले होते. आई मात्र फराळाची भाजणी दळायला टाकून, पिशवी हातात घेऊन, तशीच पुढे केंद्रावर गेली. मला संध्याकाळी फोनवर म्हणाली, रांगच नव्हती रे, पाच मिनिटांत झालं. मतमोजणीनंतर चार दिवसांनी नव्या नगरसेविकेचा नंबर तिने मिळवला आणि पहिलाच फोन त्या चेंबरच्या जाळीसाठी केला.